घरच्या घरी कार्बोरेटर

...नाई, मी म्हणतो, चूक काय माही एकट्याचीच हाय? मोबाईलवरच्या त्या माणसाची काईच नाई? पांढरं शर्ट घालून बसला, बोटाले एक काळा डाग नाई, अन् म्हणते कसा, "दोस्तों, बहुत आसान है." दहा मिनटात कार्बोरेटर काढला, धुतला, बसवला. मी म्हटलं, काढाले काय लागते!

तुमाले सांगतो, रोहण्यात माही वांग्याची वाडी हाय. बाजारात किशोरची वांगी म्हटलं का लोकं थांबतेत, म्हणजे अक्कल नाईच असं नाई... पण गाडी चार दिवसांपासून झटके देऊन राह्यलती, अन् दुसऱ्या दिवशी कारंज्याले साळीची, जागृतीची हळद. आमच्या रक्षाचं, म्हणजे बायकोचं, आधीपासून ठरेल, का लहान बहिणीले पह्यली हळद तीच लावन. म्हणून ती म्हणे, गाडी नत्थूभाऊले दाखवून आणा. नत्थू म्हणजे गावचा मिस्त्री. मी काऊन जाऊ? दोन नट, एक नळी, एक तार. काढाले काय लागते!

अन् निंघाला बरं का! स्क्रू ताटलीत लाईनीनं, जेटची बारकी तोटी वाटीत, पेट्रोलनं असा घासला का रक्षा म्हणे, माह्या भांड्यांले तर कधी हात नाई लावला. आता इंजिनाचं तोंड उघडं. मोबाईलवाला म्हणे, कपडा ठूसा, कचरा जाईन. अरे, कपड्याचे धागे जातेत, ते? समोर बाजाराचा माल निवडून पडेल होता. त्यातलं बोटाएवढं एक कवळं वांगं घेतलं, देठ मोडला, अंगठ्यानं दाबलं... असं बसलं, असं बसलं, का कंपनीनं बी एवढं मापात बनवलं नसतं! रक्षाले बलावून दाखवलं. ती म्हणे, वांगं वाया गेलं.

सकाळी कार्बोरेटर बसवला, नट कसले, आंघोळ केली, किक मारली.

हसू नका. तुमाले आठवलं, मले नाई आठवलं.

चाळीस किका मारल्या. रक्षा पिवळी साडी नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर उभी. शेजारची भागाबाई म्हणे, स्पार्क पलग पाह्य. कोणी म्हणे पेट्रोल पाह्य, कोणी म्हणे चाबी लावली का? मंग साऱ्या गल्लीनं धक्का मारला, पारापासून शाळेपर्यंत, अन् शाळेपासून पारापर्यंत. तिकून कारंज्याहून फोनवर फोन, का पोरगी पाटावर बसून हाय, कोणाले हळद लावू देऊन नाई राह्यली. रक्षानं फोन ठेवला अन् माह्याकडे पाह्यलं. पिशवी ओट्यावर आपटली. तुमाले सांगतो, मले आपटली असती तं बरं झालं असतं...

शेवटी ढकलत ढकलत नत्थूकडे नेली. त्यानं एकच किक मारली, कान लावला. म्हणे, ही श्वासच घेऊन नाई राह्यली. दोन नट खोलले, आत पेचकस घातला अन् हळूच बाहेर ओढलं. त्या वांग्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"किशोरभाऊ, भरून करता का भाजून?"

सकाळपासून तोंड फुगवून असलेली रक्षा एवढी हसली, एवढी हसली, का जुन्या टायरवर बसली. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगतो, ती हसली अन् माह्या जिवात जीव आला.

पोचलो जी, दोन घंटे उशिरा. जागृती तशीच पाटावर. रक्षानं पह्यली हळद लावली, अन् हात धुवायच्या आधी साऱ्या मांडवाले वांगं सांगून मोकळी झाली. जेवाले बसलो तं वाढणारी माह्याच पंगतीत तीनदा भरली वांगी घेऊन आली.

अन् नत्थूनं? ते वांगं दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीसंग टांगलं. म्हणे, तेव्हापासून गावात कोणी घरी गाडी खोलत नाई. आता लिंबू-मिरची दर शनवारी बदलावी लागते... वांगं बी. तोडाले काय लागते! मीच नेऊन देतो. ताजं, कवळं... अन् मापाचं.