चाळीस हजार वस्तीचा देश

(आयर्लंडमधल्या शॅनन गावातलं घर. स्वयंपाकघरात क्षितिजा, तिचा नवरा इंद्रनील आणि अमरावतीहून आलेल्या सासूबाई शोभना.)

क्षितिजा : प्रेसमध्ये, या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे! पत्र ठेवायची जागा आहे का ती, इंद्रनील?

इंद्रनील : दे इकडे. जर्मनमध्ये आहे, तुला कळायचं नाही.

क्षितिजा : पत्रावर फोन धरला की मराठीत कळतं. लिश्टेनस्टाइनमध्ये राहायच्या परवान्याची सोडत. तुझं नाव लागलंय. फेब्रुवारीत.

इंद्रनील : म्हाडासारखं असतं ते. गंमत म्हणून भरला फॉर्म.

क्षितिजा : किलार्नीला एकाच हॉलमध्ये शपथ घेऊन आयरिश झालो आपण. फॉर्म मात्र एकट्याने. आणि मार्चमध्ये आपल्या दातांच्या कंपनीच्या तिथल्या हेड ऑफिसने मला नोकरीला बोलावलं, तेव्हा याच टेबलावर तू मला तो देश समजावलास. वस्ती चाळीस हजार, नोकऱ्या त्याहून जास्त.

इंद्रनील : खरंच आहे. बँका, कारखाने, जगभरच्या कवळ्या तिथे बनतात. त्यांना माणसं कामाला हवीत, शेजारी नकोत. निम्म्याहून जास्त लोक संध्याकाळी सीमेपलीकडे आपापल्या घरी. म्हणून तर श्रीमंत आहेत.

क्षितिजा : "रोज ऑस्ट्रियातून गाडी हाणशील, मग आईकडे कोण बघणार?" तुझेच शब्द.

शोभना : मले काहून मधात घेता बाप्पा?

क्षितिजा : तुमच्या गुडघ्यासाठी नाही म्हटलं मी, आई. जूनमध्ये इथला प्लांट बंद होतोय, तिकडे एकच माणूस घेणार होते, तरी नाही म्हटलं. नकाराचा मेलसुद्धा यानेच लिहिला. माझा फार रडका झाला होता म्हणे.

इंद्रनील : चांगला झाला होता तो. त्यांनी कौतुक केलं.

क्षितिजा : कुणाजवळ?

इंद्रनील : माझ्याजवळ. काँट्रॅक्टवर सही केली त्या दिवशी. हे बघ, सोडत लागली तरी तिथली नोकरी हातात नसेल तर परवाना जातो. जागा एकच होती.

क्षितिजा : माझी! त्या दातांचा रंग जमवायला सहा वर्षं घातली मी.

इंद्रनील : मला शिकवलंस की सगळं. पुरेल तेवढं.

क्षितिजा : नुसतं सांगितलं असतंस, तर दोघं गेलो असतो.

इंद्रनील : तुझी बॅग उचलत? प्लांटमध्ये सगळे मला "क्षितिजाज हजबंड" म्हणतात. पुरे झालं ते.

क्षितिजा : पत्राबरोबरच्या या फॉर्मवर बायकोच्या नावाचा रकाना आहे.

इंद्रनील : रिकामा सोडलाय.

शोभना : इंद्या, मले तं नेशीन न? तू म्हनलं होतं. म्हनून तं मी गुडघा दुखते म्हनली.

क्षितिजा : काय?

शोभना : आता लपवून काय करू पोरी. तो म्हने, आई, पंधरा दिवस जिना चढू नको, कण्हत राहा.

क्षितिजा : मी रोज तेल चोळत होते.

शोभना : बरं वाटे मले.

इंद्रनील : आई, तिथे आईवडिलांना सहजासहजी नेता येत नाही. छोटा देश आहे. तू हिच्याकडे राहा. यू विल बी ग्रँड, मजेत राहशील.

शोभना : क्षितिजा? अवं, काही बोल न. फोनात काय पाहून राहिली?

क्षितिजा : गुरुवारचं नागपूरचं तिकीट. आई, खिडकीची जागा घेऊ ना तुमच्यासाठी?