कळंबेकरांना आलेला नकार

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच विचारतो. वरच्याला ‘नाही’ म्हणायला धैर्य लागतं, हे खरं. पण आपण वर जाऊन बसल्यावर खालच्याचं ‘नाही’ ऐकून घ्यायला काय लागतं? ऐका तर.

अच्युतराव कळंबेकर इंग्रजी अमलात कलेक्टर होते. युद्धाच्या काळात हुकूम आला — जिल्ह्यातली ज्वारी उचला, फौजेला पाठवा. लोक कोंडा खात होते. अच्युतरावांनी कळवलं, “ज्वारी हलणार नाही.” झालं, बदली! कुठे? जुनी दप्तरं सांभाळायला. पेटीवाले हसतायत, त्यांना काय, त्यांची बदली या मांडीवरून त्या मांडीवर.

स्वातंत्र्य आलं. लोकांनी याच माणसाला शोधून काढलं, निवडून दिलं. अच्युतराव पुरवठामंत्री झाले. आता हुकूम काढणारे तेच!

त्या वर्षी शहरात धान्याची टंचाई पडली. अच्युतरावांना मतं देणारी गिरणीवस्ती शहरातलीच. त्यांनी शिवदरा जिल्ह्यातली ज्वारी मागवली. तिथला कलेक्टर अनंत मोहरीर. फोनवर म्हणाला, “साहेब, देता येणार नाही. इथं लोक उपाशी आहेत.”

“मोहरीर, हे इंग्रजांचं राज्य नाही. लोकांचं सरकार आहे.”

“म्हणूनच सांगतोय, साहेब.”

सचिव म्हणाले, “निलंबित करू या.” अच्युतरावांना राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती. म्हणाले, “आधी बघून येतो.”

शिवदऱ्यात एका घरात शिरले. चुलीवर नुसता तरोट्याचा पाला शिजत होता. “आजी, भाकरी?”

“सकाळी पोरांना दिली, बाबा. तू बस, पाला खा.”

अच्युतराव बसले. खाल्ला. बाहेर येऊन मोहरीरला म्हणाले, “ज्वारी इथंच राहू दे.”

मग गिरणीवस्तीत सभा घेऊन स्वतः सांगितलं — शिधा कमी मिळेल. लोकांनी चपला फेकल्या. पुढच्या निवडणुकीत पाडलं.

मोहरीर घरी आला. खाली मान घालून म्हणाला, “साहेब, माझ्यापायी मंत्रिपद गेलं.”

“मंत्रिपद गेलं, माणसं नाही गेली,” अच्युतराव म्हणाले. “बस, चहा घे.”

मंडळी, तुम्ही-आम्ही काही मंत्री नाही. पण घरात सून आहे, दुकानात गडी आहे. उद्या त्यांच्यातलं कुणी म्हणेल, “हे जमणार नाही.” तेव्हा आवाज चढवण्याआधी विचारा, “का?” — आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या.