घोड्याच्या शेपटीचा केस

"हॅलो?… कोण, येसाजी? अरे, बोल ना… एवढं हळू का बोलतोयस?… चामखीळ? एवढंच होय."

गिरिजाबाईंनी खुर्ची ओढून घेतली. म्हैसूरच्या घोडदळातल्या आजोबांचा इलाज त्यांच्याकडे उतरला होता. चामखिळीच्या मुळाशी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचा, आठवड्याभरात ती सुकून गळते. लष्कर मोहल्ल्यातल्या निम्म्या माना त्यांनीच साफ केल्या होत्या. आता भाचाही रांगेत आला होता.

"रविवारी ये. टांगेवाल्याकडून कालच केस आणलेत… शनिवारच्या आत? का?… जयलक्ष्मी माहेराहून येते म्हणून? अरे, बायकोला नवऱ्याची मान… मानेवर नाही? मग काखेत?… पाठीवर?… खाली? मग गुडघ्यावर… त्याच्या वर?… वर की खाली, एक काय ते ठरव."

गिरिजाबाईंनी पायानेच दार लोटलं.

"सरी, समजलं… नाही, नाव नको घेऊस. कशा दिसतात ते सांग… फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या? हौदु, हो, त्याच त्या… छे, तिथे केस बांधायचा नाही. चुना-सोडा नाही, दुकानातलं चामखिळीचं औषधही नाही. नाजूक कातडी ती, भाजून निघेल… मला कसं ठाऊक? तुझ्या मामांना झालं होतं."

समोर बसलेल्या मामांनी, दत्तोजीरावांनी, वर्तमानपत्र वर उचललं. इतकं वर, की खाली पायजम्याची नाडी दिसू लागली.

"सत्तर साली… अरे, माझ्या डबीतला केस चोरून बांधला त्यांनी. तीन दिवस भिंत धरून चालत होते. शेवटी कातडीच्या डॉक्टरकडे नेलं… विषाणू असतो तो, कातडीला कातडी लागून जातो. डॉक्टरच तपकिरी औषध लावतात, चार तासांनी धुवायचं, असं आठवड्या-आठवड्याने. नाहीतर गोठवून काढतात… हो, परत उगवतात कधी कधी. मामांच्या दोनदा उगवल्या… अहो, खरं तेच सांगतेय ना."

येसाजीचा खरा प्रश्न त्यानंतर आला. शनिवारच्या आत सगळं गेलं तर जयलक्ष्मीला न सांगता भागणार नाही का? लग्नाला सहा महिने झालेले. कुठून आणलंस म्हणाली तर काय तोंड दाखवायचं? तेव्हा गिरिजाबाईंनी त्याला डॉक्टरांचं म्हणणं ऐकवलं. हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं अंगात गुपचूप पडून राहतो. कोणाकडून कोणाला आला, त्याला तारीख लावता येत नाही. दोघांनी तपासून घ्यावं, उपचार संपेपर्यंत जवळ जाऊ नये. बायकोने डॉक्टरीणबाईंकडून गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी करून घ्यावी.

"मी त्या वेळी महिनाभर भांडले. फुकट गेला महिना… म्हणून सांगायचंच… कसं म्हणजे? तोंडाने… अरे, ऐक ना, ती काही इतकी…"

गिरिजाबाई मध्येच थांबल्या. मंगळवारी माहेरून, नंजनगुडहून, जयलक्ष्मीचाच फोन आला होता. मामी, घोड्याचा एक केस पाठवता का, शेजारच्या बाईंना हवाय. चामखीळ कुठे आहे असं विचारल्यावर तिने नंजनगुडच्या उन्हाळ्याची हकिकत लांबवली होती. गिरिजाबाईंनी चांगले लांबसडक चार केस पाकिटात घालून टपालात टाकले होते.

"येसाजी, ठेव फोन आणि आत्ताच्या आत्ता तिला लाव… सगळं सांग… नाही रागावणार… मला ठाऊक आहे, बास… आणि आधी एवढं म्हण तिला, मामीचं पाकीट आलं असेल तर उघडू नकोस. उघडलं असेल तर… तर बांधलेलं सोड."

पलीकडून काही विचारलं जाण्याआधीच त्यांनी फोन ठेवून दिला.