‘धन्यवाद’नंतरची पाच मिनिटं

दाताच्या दवाखान्यात भौतिकशास्त्राचे सर सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसले होते. मागच्या बाकावर त्यांच्याच वर्गातल्या दोन मुली येऊन टेकल्या. रुमालामागचा माणूस काही त्यांनी ओळखला नाही.

“सरांचे व्हिडिओ बघतेस?”

“बघते की. दुप्पट वेगाने लावले की माणसासारखे बोलतात.”

सरांनी रुमाल आणखी वर ओढला. त्यांच्या चॅनेलला एकवीस सदस्य होते. त्यांतले एक ते स्वतः.

“मी तर थेट शेवटाला जाते. ‘धन्यवाद’ म्हणतात आणि कॅमेरा बंद करायला विसरतात ना, तिथे.”

“हो गं! ‘टक्कल दिसलं का?’”

“आणि काकू म्हणतात, ‘टक्कल दिसलं, विषय दिसला नाही.’ मग सर चिडून त्यांना सगळं नीट समजावतात.”

“‘पसारा आपोआप होतो, आवरायला मात्र मी लागते, हीच ना तुमची एन्ट्रॉपी?’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं बाई!”

“पण परवाचा व्हिडिओ ‘धन्यवाद’वरच संपला. शेवटच्या प्रकरणातलं ओ की ठो कळलं नाही. सोमवारी पेपर, आणि माझा हा विषय आधीच एकदा राहिलाय.”

“सर शहाणे झाले वाटतं.”

“नेमके आत्ताच व्हायचे होते!”

सर उठून बाहेर गेले आणि सुजल्या तोंडाने त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, ते शेवटचं प्रकरण आज परत करायचंय. तू समोर बस. आणि हे बघ, परवासारखी कॅमेरा बंद करायची आठवण करून देऊ नकोस.”