पुढच्या रांगेतली चार रोपं

बसच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, तिचे बाबा होते आणि दोघांच्या मध्ये एका खोक्यात कापसाची आठ रोपं होती. चार उंच, चार बुटकी. मी त्यांच्या पुढच्या बाकावर होतो.

"बाबा, खरं सांग, मी नसताना पाणी कमी घातलंस ना?"

"छे गं! तू दिलेल्या मापानंच घातलं."

"मग ही चारच खुंटली कशी? आठही सारखी नसतील तर माझा प्रयोग सुरूच होणार नाही."

"ती पुढच्या रांगेतली. खुर्चीतून तेवढ्यांपर्यंतच हात पोचायचा."

"हात कशाला?"

"कुरवाळायला. रोज सकाळी चहा पिता पिता."

"अरे बाबा! रोपाला वाटतं, कुणीतरी कुरतडतंय. आत धोक्याचं संप्रेरक तयार होतं, बचावाची जनुकं जागी होतात आणि वाढ मंदावते."

"मायेनं केलं तरी?"

"माया कळणारं जनुक अजून सापडलेलं नाही."

"तुलाही लहानपणी असाच कुरवाळायचो."

"म्हणूनच मी बुटकी राहिले!"

"मग आता?"

"आता सरांची बोलणी खाईन आणि ही चार टाकून देईन."

"टाकू नकोस. मी घरी नेतो."

"ने. पण हात लावायचा नाही."

"एक बोटसुद्धा?"

बस तासभर उन्हात अडकून पडली. शेवटच्या थांब्यावर मी खोकं उतरवायला मदत केली. उंच चार रोपांची मिळून अकरा पानं मान टाकून लोंबत होती. बुटक्या चारांचं एकही नाही.