हळू वाजलेली रेकॉर्ड

तुलसा : म्हणजे त्या पत्राले उत्तर देलंच नाई तुमी.

लक्ष्मीचंद : नाही दिलं.

तुलसा : दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या दिवसात आलं होतं थे, रेकॉर्डीच्या खोक्यासंग. खोके उतरवाले शेजारचा ओमेश आन टेम्पोवाला, दोघंही लागले होते. मंग धान निंगाला, उन्हाळी रोवना झाला, आता कैऱ्या लागल्या. आन तुमी आरामात सांगून राहिले, नाही दिलं.

लक्ष्मीचंद : आज मध्येच ते कुठून काढलंस?

तुलसा : रुचीचा फोन होता नागपुरावून. घनश्याम भाऊजीचा दुसरा कानबी गेला म्हने. मशीन लावून पायली, काई उपेग नाई. पोस्टमनची गाडी दिसली का फाटकापाशी जाऊन उभे राहते म्हने तिचे बाबा. मले विचारे, काकी, काका नाराज हायेत काय?

लक्ष्मीचंद : मी कशाला नाराज असेन?

तुलसा : थेच सांगतलं म्या. नाराज नाई पोरी, भित्रे हायेत.

लक्ष्मीचंद : असं सांगितलंस तिला?

तुलसा : सांगतलं. पयले हासली. मंग रडली. काय मांगून राहिला तो मानूस तुमाले? पैसा नाई, वावर नाई.

लक्ष्मीचंद : त्याहून अवघड मागितलंय. जन्मभर जमवलेल्या रेकॉर्डी घरात दिसल्या की जीव तुटतो, म्हणून प्लेअरसकट माझ्याकडे पाठवल्या. तू ऐक, म्हणाला, आणि तुला काय ऐकू आलं ते लिहून कळव. जाणकारांची पुस्तकं माझ्याकडे आहेत, ती नकोत. तुझं लिही.

तुलसा : मंग लिवा ना. रोज दुपारी वाजवत तं बसता.

लक्ष्मीचंद : मला त्यातलं काय कळतं, तुलसा? सगळी नोकरी वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात गेली. गोंदियाला कॉलेजात होतो तेव्हा हाच घनश्याम मला एका मैफलीला घेऊन गेला होता. बुवा थांबले. मला वाटलं, संपलं. मी टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच. बुवांनी नुसता श्वास घेतला होता.

तुलसा : त्यानं कोनी मेलं काय?

लक्ष्मीचंद : घनश्याम महिनाभर हसत होता.

तुलसा : तो महिनाभर हासला, तुमी जलमभर लाजून राहिले. पन कागद तं खरडत होते तुमी. म्या पायलं.

लक्ष्मीचंद : खरडला होता. पुरा लिहून झाला होता. पाकीट चिकटवायचं तेवढं राहिलं होतं. आणि तू प्लेअर पुसलास.

तुलसा : आना आता माह्यावर.

लक्ष्मीचंद : तुझ्या फडक्यानं खटका सरकला होता, आठवतं? ती लहान रेकॉर्ड चालू होती. गाणारा म्हातारा एकदम बाई झाला.

तुलसा : मी तं घाबरलीच. वाटलं, बिगडवली भाऊजीची मशीन.

लक्ष्मीचंद : बिघडवली नाहीस. जागेवर आणलीस. मोठ्या रेकॉर्डी हळू फिरतात, लहान जलद फिरतात. त्यासाठी तो खटका. मला पत्ताच नव्हता. लहान रेकॉर्डीवर चित्र नाही, नाव परक्या लिपीत. इतके दिवस मी एका बाईला म्हातारा समजून ऐकत होतो. आणि पत्रात सगळ्यात जास्त मजकूर त्या म्हाताऱ्यावरच होता.

तुलसा : मंग पत्राचं काय केलं?

लक्ष्मीचंद : चुलीत घातलं.

तुलसा : थे पत्र होतं काय? त्या दिशी लाकडं वली होती. मी म्हनलं, बरा भेटला कोरडा कागद.

लक्ष्मीचंद : कशाला तरी उपयोगी पडलं.

तुलसा : मी आता थकली तुमच्यापुढं. कागद आना, पेन आना. मी अठीच चिचा फोडत बसतो. मले वाचून दाखवत दाखवत लिवा. उठू देनार नाई.

लक्ष्मीचंद : बरं. “प्रिय घनश्याम. तुझं पत्र पोचलं.”

तुलसा : पोचलं थे त्याले मालूम हाय. उशीर झाला म्हना.

लक्ष्मीचंद : “फार उशीर झाला. निळ्या पाकिटातला तो परदेशी तुतारीवाला ऐकला. आपल्याकडे लग्नात तुतारी वाजते तशी त्याची नाही. एखाद्या माणसानं पाठ फिरवून बसावं आणि भिंतीशी बोलावं, तशी आहे. मध्ये बराच वेळ तो गप्पच राहतो. पण उठून गेलेला नाही, हे आपल्याला कळतं.”

तुलसा : तुमच्यासारखाच हाय. पुढं.

लक्ष्मीचंद : “मग तो मोठा परदेशी वाद्यवृंद. पहिली बाजू मला समजली नाही. दुसरी संपली तेव्हा राइस मिल बंद झाल्यावर गावात पसरते तशी शांतता झाली. ती फार आवडली.” हे असं चालेल का? वाजवलं त्यांनी, आणि मी कौतुक करतोय शांततेचं.

तुलसा : आवडली ना? मंग चालल.

लक्ष्मीचंद : “लांब केसांच्या पोरांची गिटारची रेकॉर्ड तुलसानं दोनदा बंद करायला लावली.”

तुलसा : म्हैस पान्हावली नाई त्या दिशी. थेबी लिवा.

लक्ष्मीचंद : लिहिलं. “बुवांचा आलाप ऐकला. ओल्या बांधावरून म्हातारा माणूस चालतो, पाय टेकायच्या आधी जागा चाचपतो, तसा वाटला. या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत.”

तुलसा : आन त्या टाळ्यावाल्या कव्वालीचं? माहा भात लागला होता तिच्यापायी. चमचा फिरवाचा सोडून मीच ताल धरून बसली.

लक्ष्मीचंद : मला नव्हतं सांगितलंस.

तुलसा : तुमी कधी विचारलं? लिवा.

लक्ष्मीचंद : लिहिलं. “गझल गाणारी बाई दर कडव्याला आता स्वतःचं काही सांगेल असं वाटतं. ती शेवटपर्यंत सांगत नाही. मी त्या रेकॉर्डीवर अजून थोडा रुसलेलो आहे.”

तुलसा : आता काऊन थांबले?

लक्ष्मीचंद : आता ती लहान रेकॉर्ड आली.

तुलसा : मंग?

लक्ष्मीचंद : बरोबर गतीनं पुष्कळदा ऐकली. छान आहे. चपळ बाई आहे, हसत गाते. पण लिहायला काही सुचत नाही.

तुलसा : आन हळू होती तवा?

लक्ष्मीचंद : तेव्हा तो दिवसभर चिखलात रोवणी करून आलेला माणूस वाटायचा. हातपाय धुवायचं त्राण नाही. उंबऱ्यावर बसलाय, आणि गातोय ते एवढ्यासाठी की कुणी ऊठ म्हणू नये. ढोलसुद्धा एक ठोका टाकून दुसऱ्याची वाट पाहायचा. एवढ्या रेकॉर्डींत मला ओळखीचा वाटला तो तेवढा एकच.

तुलसा : मंग थेच लिवा.

लक्ष्मीचंद : पण तो नाहीच ना. खटका चुकला म्हणून झालेला माणूस तो.

तुलसा : आयकला तं होता. म्याबी आयकला. मले बरा लागे तो बुढा. बाई आली आन घरातून कोनी उठून गेल्यावानी झालं.

लक्ष्मीचंद : घनश्यामला ती रेकॉर्ड तोंडपाठ असणार. तो म्हणेल, लक्ष्मीचंदानं पुन्हा भलत्याच ठिकाणी टाळी दिली.

तुलसा : म्हनू द्या. रुची सांगे, घरात कोनी हासलं का भाऊजीले वाटते, आपल्यावरच हासून राहिले. त्यालेबी कोनावर तं हासू द्या.

लक्ष्मीचंद : तुलसा.

तुलसा : बोला.

लक्ष्मीचंद : बाकीच्या सगळ्या रेकॉर्डी त्याच्या डोक्यात असतील. कान गेले तरी तिथं वाजत असतील, आणि माझ्या सांगण्यापेक्षा चांगल्या. हा म्हातारा मात्र त्यानं कधीच ऐकलेला नाही.

तुलसा : मंग?

लक्ष्मीचंद : त्याला ऐकवायला नवीन असं माझ्याकडे तेवढंच आहे.

तुलसा : लिवा मंग. खटक्याचंबी लिवा, लपवू नका. मी चहा मांडतो.

(ऊन उतरल्यावर लक्ष्मीचंद गावच्या, दवनीवाड्याच्या पोस्टावरून परत येतो.)

तुलसा : टाकलं?

लक्ष्मीचंद : टाकलं.

तुलसा : पोस्ट तं दोन गल्ल्यावर हाय. इतका वेळ कायले लागला?

लक्ष्मीचंद : पेटीपाशी उभा होतो. हातातून सुटलं आणि लगेच वाटलं, म्हाताऱ्याची ओळ नीट जमली नाही. तेवढ्यात पोस्टमन टिकाराम टपाल काढायला आला. त्याला म्हटलं, बाबा, जरा परत दे, एक शब्द बघायचा आहे.

तुलसा : देलं त्यानं?

लक्ष्मीचंद : नाही. म्हणाला, बाबूजी, पेटीत पडलं का थे तुमचं राहत नाई. ज्याचं नाव लिवलं, त्याचं होते.

तुलसा : मंग तुमी काय केलं?

लक्ष्मीचंद : काही नाही. तो थैली बांधत होता, त्याला गाठ नीट मारता यावी म्हणून तिचं तोंड धरलं.