उकिरड्यातल्या गोळ्या

दोन हजार तेवीस साल, मार्गशीर्षातली थंडी, भात नुकतंच झोडून झालं होतं. तळेगावच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे शबाना नावाची मुलगी शिकायला होती. रक्तदाबाचे पेशंट गोळ्या खरंच घेतात का, याचा ती अभ्यास करत होती. दर महिन्याला आम्ही पेशंटांनी उरलेल्या गोळ्या न्यायच्या आणि तिनं मोजायच्या.

मी गोळ्या घेत नव्हतो. पण त्या मुलीसमोर खाली बघायला नको, म्हणून आदल्या दिवशी सगळ्या पाकिटातून फोडून उकिरड्यात टाकल्या आणि रिकामं पाकीट नेलं. मोजणी बरोबर आली. दाब मात्र वाढलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, "डोस दुप्पट करू."

शबाना म्हणाली, "सर, महिनाभर थांबा. माझी मोजणी चुकली असेल."

डॉक्टरांनी माझ्यादेखत तिला झापलं, पण डोस तोच ठेवला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आबा, महिनाभर वापरलेलं पाकीट इतकं कोरं राहत नाही. दुप्पट गोळ्या खरंच घेतल्या असत्या, तर चक्कर येऊन पडला असता."

त्या रात्री मी पहिली गोळी घेतली.

पुढच्या खेपेला गावचे रक्तदाबाचेच चौघे सोबत होते. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांतला गणपत म्हणाला, "आबा, माझ्या धा उरल्यात. हितंच फेकू का?"

"न्हाई."

"पोरगी काय म्हनंल?"

"मोजंल."

खिडकीवर मी सर्वांदेखत माझ्या उरलेल्या नऊ गोळ्या मांडल्या. "नऊ दिवस घेतल्या न्हाईत. लिही," म्हणालो.

मागे चौघांनी खिशात हात घातले.